आधाराचे गुण

“आलं! आलं चित्र! आता हात लावू नका खंडारे, तसंच राहू द्या.”

मी टेबलाखाली आडवा झालो होतो. वर आमचे मुख्याध्यापक देशमाने सर पडद्यासमोर उभे राहून हरखले होते. मी कपडे झटकत बाहेर आलो. एका चालू संगणकाचं चित्र आता शेजारच्या दोन बंद पडलेल्या संगणकांच्या पडद्यांवरही दिसत होतं. बुलढाण्याहून खास वायर मागवली होती, एका टोकाला एक तोंड आणि दुसऱ्या टोकाला तीन. अशा वायरी सगळीकडे लावल्या आणि आमच्या संगणक कक्षातले झाडून सारे पडदे उजळले. निळं आकाश, हिरवी टेकडी, रांगेनं.

“मुलांना सांगून ठेवा,” सर म्हणाले, “बटणं बडवायची नाहीत. नुसती बोटं फिरवायची.”

“आणि मॅडमनी कुणाला काही करून दाखवायला सांगितलं तर?”

“प्रणिता आहे ना. तिच्यापुढे त्या दुसरीकडे बघणारच नाहीत.”

मला या उद्योगात पाप वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही.

पळसखेडच्या आमच्या हायस्कुलाला हे संगणक मुंबईच्या एका उद्योगसमूहाच्या संस्थेनं दिले होते. त्यांच्याबरोबर मीही आलो, कंत्राटावर. पहिलं वर्ष बरं गेलं. मग विजेच्या चढउतारानं बॅटऱ्या फुगल्या, उंदरांनी वायरी कुरतडल्या आणि एकेक संगणक बसत गेला. तक्रारीसाठी एक फोन नंबर होता. त्यावर एक मुलगी फार गोड बोलून तक्रार लिहून घ्यायची. अकोल्याहून इंजिनिअर एकदाच आला. चहा घेतला, दोन डबे उघडून पाहिले आणि हा पार्ट आता मिळत नाही म्हणून निघून गेला. त्यानंतर मी मेलेल्यांचे भाग काढून जित्यांना लावत राहिलो. असे चार जगवले होते.

आणि आता संस्थेकडून मूल्यांकन होणार होतं. शाळा तंत्रज्ञान किती वापरते, त्याची निगा कशी राखते, मुलांपर्यंत ते पोचतं का, हे सगळं तपासायला नागपूरच्या ठोसर मॅडम येणार होत्या. चांगले गुण पडले तर योजना पुढे चालू राहणार, नव्या बॅटऱ्या येणार. कमी पडले तर काय, ते कुणी सांगितलं नव्हतं.

योजना बंद पडली असती तरी बाकीच्या मुलांचं मी फार मनावर घेतलं नसतं. त्यांना संगणक म्हणजे चित्रं रंगवायची गंमत होती. माझा जीव अडकला होता तो प्रणितात.

प्रणिता ही बाजारातल्या देविदास सुरडकर शिंप्याची मुलगी. तिसरीत असताना तापात तिचे डोळे गेले. आंधळ्या मुलांच्या शाळेत घालायचं तर घरापासून फार लांब, आणि बापाचा जीव होईना. मग ती आमच्याच शाळेत मैत्रिणीचा हात धरून यायची, ऐकून ऐकून पाठ करायची. परीक्षेत कुणीतरी तिच्यासाठी लिहायचं. ती आठवीत असताना मी एका अंध मंडळाकडून पडदा वाचून दाखवणारी एक सीडी मिळवली. संगणक बोलायला लागला. दिवाळीपर्यंत तिची बोटं माझ्यापेक्षा जलद चालायला लागली.

तो आवाज मूळचा हिंदी होता. त्याला ‘ळ’ जमायचा नाही.

“सर, हा पळसखेडला पलसखेड म्हणतो,” ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. “लांबचा पाव्हणा दिसतो. शिकेल हळूहळू.”

तिला लिहायचं वेड लागलं. निबंध, पत्रं, गावातल्या बायकांची भांडणं, काहीही. आमच्या मराठीच्या बाई तिचं छापलेलं लिखाण वर्गात वाचून दाखवायच्या. दहावीला लेखनिक न घेता संगणकावर पेपर लिहायचा, चांगले गुण मिळवायचे आणि पुण्याला अंध मुलींच्या वसतिगृहात राहून कॉलेज करायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तिथे जागा मोजक्या असतात आणि गुणांवर मिळतात, हे मीच तिला सांगितलं होतं.

ठोसर मॅडम सकाळी जीपमधून उतरल्या. पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या. हार घालू दिला नाही. “आधी मुलं बघू या,” म्हणाल्या.

कक्षात प्रत्येक पडद्यासमोर दोन दोन मुलं बसवली होती. पाठ ताठ, बोटं कीबोर्डवर. त्यातले बरेच कीबोर्ड कशालाच जोडलेले नव्हते. मॅडम दारातूनच सगळं पाहत होत्या. देशमाने सर चपळाईनं त्यांना प्रणिताकडे घेऊन गेले.

“ही आमची प्रणिता. नववीत आहे. दिसत नाही, पण मॅडम, हिचं टायपिंग बघाच.”

प्रणिता उठून उभी राहिली. तिला या दिवसाची तयारी मी सांगितली नव्हती. बाकीच्यांना काल दुपारी थांबवून समजावलं होतं, पण तिला पडद्यांचं काय सांगायचं? तिचा संगणक तर चालू होता.

“बस बाळा,” मॅडम तिच्या शेजारी बसल्या. “माझ्यासाठी काही लिहिशील? तुझ्या मनानं.”

“कशावर लिहू?”

“या खोलीवर लिही ना.”

प्रणितानं मान किंचित तिरकी केली. विचार करताना ती तशीच करायची. मग बोटं चालू लागली. देशमाने सर कौतुकानं मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होते. मॅडम खरंच तिच्या बोटांवरची नजर काढत नव्हत्या. मला बरं वाटलं. सगळं निभावून जाणार असं वाटलं.

“झालं,” प्रणिता म्हणाली आणि तिनं वाचायचं बटण दाबलं.

त्या पाव्हण्याचा आवाज खोलीभर वाजू लागला. ‘ळ’च्या जागी ‘ल’ म्हणत, कुठेच न थांबता.

“आमची संगणकाची खोली. मी आठवीत इथे आले तेव्हा ही खोली पिठाच्या गिरणीसारखी घुमायची. आत पाऊल टाकलं की छातीत थरथरायचं. मग एकेक आवाज गेला. कोपऱ्यातला सर्वांत आधी गेला. जायच्या आधी तो शिट्टी वाजवायचा. आता चारच उरलेत. खिडकीजवळचा दमेकरी आहे. माझा फार हळू बोलतो. बाकीच्या जागा गप्प आहेत. आज इतकी मुलं येऊन बसली आहेत, तरी त्या जागा गप्पच आहेत. मला वाटतं, आजारी माणसाला भेटायला येतात तशी ती आली असावीत.”

आवाज थांबला. एका मुलाला हसू आलं ते त्यानं दाबलं.

ठोसर मॅडम उठल्या. जवळच्या एका पडद्यापाशी गेल्या. खाली ठेवलेल्या डब्यावर त्यांनी तळहात टेकला. मग पुढच्या डब्यावर. त्यापुढच्यावर. आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा हात लावत त्या रांगेच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

“छान लिहिलंस,” त्या प्रणिताला म्हणाल्या. “खूप छान लिहिलंस.”

प्रणिताचा चेहरा फुलला. तिला काय माहीत होतं?

ऑफिसात देशमाने सरांनी दार लोटून घेतलं. मला वाटलं, ते सारवासारव करतील. पण ते खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, लिहा काय लिहायचं ते. मी केलं. यांनी माझ्या सांगण्यावरून केलं.”

“का केलंत?”

“खरं सांगून काय मिळतं ते पाहिलं होतं म्हणून. दीड वर्ष मी खरंच सांगतोय. बंद आहेत, दुरुस्त करा. प्रत्येक वेळी म्हणतात, नोंद घेतली.”

“सर, माझं ऐका.” मॅडम पुढे झुकल्या. “या वेळी गोष्ट वेगळी आहे. वापराचे गुण वेगळे आहेत आणि आधाराचे वेगळे. दुरुस्ती, वीज, प्रशिक्षण, हे सगळं आधारात येतं. तुम्ही सगळं छान दाखवलं असतं तर तुम्हाला काय मिळालं असतं? शाबासकी. कुठे दुखतंय ते दिसलं तरच औषध येईल ना?”

“येईल?” सरांनी विचारलं.

“मी स्वतः लिहिणार आहे. असा वापर मी दुसऱ्या कुठल्याही शाळेत पाहिला नाही. एक मुलगी आणि एक शिक्षक. आणि त्यांना कुणाचाही आधार नाही. हेच लिहिणार, याच शब्दांत.”

त्यांनी मग मला बारीकसारीक विचारलं. काय जळालं, कधी जळालं, किती वेळा फोन केला. मी सगळं सांगितलं. किती दिवसांनी कुणीतरी नीट विचारत होतं. जाताना त्या पुन्हा प्रणिताला भेटल्या.

“तुझ्यामुळे मला खरं कळलं,” त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. “अशीच लिहीत राहा.”

जीप गेल्यावर मी तिला काय झालं होतं ते सांगितलं. ते पडदे, ती वायर. आधी ती घाबरली. मग मॅडम काय म्हणाल्या ते ऐकून खुदकन हसली.

“म्हणजे सर, मी चुगली केली आणि ती लागू पडली.”

त्या उन्हाळ्यात आम्ही सगळेच थोडे वेड्यासारखे वागलो. देशमाने सरांनी खिडक्यांना उंदरांसाठी जाळी मारून घेतली. मी कक्षाला चुना लावला. नवे संगणक आले तर प्रणिताचं टेबल कुठे ठेवायचं, यावर आम्ही भांडलो. तिला दाराजवळची जागा नको होती, तिथे पोरांची ये-जा फार.

शाळा उघडल्यावर टेम्पो आला. मी दाराशी धावलो. टेम्पो रिकामा होता.

बरोबर संस्थेचा एक तरुण मुलगा होता, गळ्यात ओळखपत्र. त्यानं देशमाने सरांना एक कागद दिला. आमच्या शाळेची क्षमता अपुरी ठरली होती. म्हणून इथली सामग्री क्षमता असलेल्या शाळेकडे वळती करायची होती. तालुक्याच्या गावी एक इंग्रजी शाळा होती, तिच्याकडे स्वतःचा जनरेटर होता.

“बंद पडलेलेही नेणार?” सरांनी विचारलं.

“सगळे, सर. नंबर जुळवून द्यायचेत मला.”

“एक ठेवा. एकच. त्या मुलीसाठी.”

“माझ्या हातात असतं तर ठेवला असता हो,” तो म्हणाला, आणि मला ते खोटं वाटलं नाही.

मी व्हरांड्यात जाऊन ठोसर मॅडमना फोन लावला. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं.

“मी वापराला पैकीच्या पैकी दिले होते, खंडारे,” त्या म्हणाल्या. “आधाराला शून्य. खाली सविस्तर लिहिलं होतं, यांना मदत द्या म्हणून.”

“मग?”

“त्यांनी दोन्हींची बेरीज केली असणार. खालचं कुणी वाचलं नसेल.”

त्या मुंबईला बोलल्या. दोनदा गेल्याही. पुढच्या वर्षीच्या मूल्यांकनातून त्यांचं नाव गळालं, एवढंच झालं. त्यानंतर माझ्याशी बोलायला त्यांना जड जायचं, आणि मलाही.

हमाल डबे उचलत होते तेव्हा प्रणिता मैत्रिणीचा हात धरून आली. कुणीतरी तिला सांगितलं असणार. ती टेबलाला हात लावत आपल्या जागेपाशी गेली. संगणक अजून होता.

“सर, यात माझं लिहिलेलं आहे. ते पण नेणार?”

“मी काढून घेतो,” मी म्हणालो आणि बटण दाबलं. लाइट नव्हती. सकाळपासून नव्हती. मी त्या तरुणाला म्हणालो, तासाभरात येईल, थांबा. तो थांबला. चहा घेतला. अजून थोडा थांबला. मग टेम्पोवाला कुरकुरायला लागला. पुढे अजून एका शाळेत जायचं होतं.

“तिथे गेल्यावर बघता येईल का?” मी विचारलं.

“तिथे देण्याआधी सगळं पुसूनच देतात,” तो खाली बघत म्हणाला.

टेम्पो निघून गेल्यावर प्रणिता रिकाम्या टेबलावरून हात फिरवत राहिली. मग तिनं मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, “माझ्यामुळे गेले का हो?”

“नाही ग. वेडी का काय.”

“मी त्या दिवशी दुसरं काही लिहिलं असतं तर?”

मी नाहीच म्हणत राहिलो. देशमाने सरही म्हणाले. पण मुलं शेवटी मुलं. हिनं बोलून दाखवलं म्हणून आपले संगणक गेले, असं वर्गात कुणीतरी म्हणालंच. तिनं ते मला कधी सांगितलं नाही. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं.

संगणक गेले तसं माझं कंत्राटही संपलं. मी मेहकरला एका मोबाइलच्या दुकानात लागलो. तिथल्या भंगारातून एक संगणक जुळवला आणि देविदासच्या दुकानात शिलाई मशीनजवळ नेऊन ठेवला. तो काही आठवडे चालला. एका दुपारी वीज अशी आली की दुकानातला पंखाही जळाला. देविदासनं मला तो परत नेऊ दिला नाही, लाजून. “जाऊ द्या सर,” म्हणाला, “आमच्या घरात हे टिकत नाही. तिले तरी किती डाव रडवू?”

दहावीला संगणकावर लिहायची परवानगी देशमाने सरांनी मागितली. संगणक परीक्षा केंद्रावर शाळेनं द्यायचा आणि ती मुलगी तो नियमित वापरते असा दाखला शाळेनं द्यायचा, असं उत्तर आलं. शाळेत संगणकच नव्हता. सर खोटा दाखला द्यायलाही तयार होते. प्रणितानंच नको म्हटलं.

लेखनिक म्हणून नववीतला एक मुलगा मिळाला. वाईट नव्हता बिचारा. पण त्याचं स्वतःचं लिहिणं कच्चं होतं, आणि हिचं बोलणं त्याला झेपायचं नाही. मराठीच्या पेपरच्या दिवशी मी दुकानातून सुट्टी काढून गेलो. ती बाहेर आली तेव्हा घामानं भिजली होती.

“कसा गेला?”

“मी ‘संध्याकाळ उतरत होती’ असं म्हटलं. त्यानं विचारलं, ‘संध्याकाळ झाली’ लिहू का? मी म्हटलं, लिही. मग तो दर वाक्याला विचारायला लागला. मी लिही लिही म्हणत गेले, सर. तो थकला होता. शेवटचा प्रश्न राहिलाच.”

निकालाच्या दिवशी देविदासनं बाजारभर पेढे वाटले. सुरडकरांच्या घरात दहावी पास झालेली ती पहिली मुलगी. शाळेनं रस्त्यावर तिचा फ्लेक्स लावला, अंध असूनही जिद्दीनं यश, वगैरे. मी मेहकरहून आलो तेव्हा घरात माणसं मावत नव्हती. ती आतल्या खोलीत गोधड्यांच्या ढिगाला टेकून बसली होती. बापाच्या आनंदात भंग नको म्हणून असेल, चेहरा हसरा ठेवला होता.

“आले का सर? बसा. पेढा घेतला?”

“घेतला.”

“मला कुणी नीट वाचून दाखवत नाही. पास आहेस, पास आहेस, एवढंच म्हणतात. तुम्ही वाचा.”

मी वाचलं. गणित, विज्ञान ठीक. इतिहासात बरे. मराठीला जेमतेम काठावर.

“पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचलं. पुण्याच्या वसतिगृहाचं नाव दोघांनीही काढलं नाही. देविदास दारात येऊन उभा राहिला. “काहून उदास बसली? सरांनी किती शिकवलं तुले!” म्हणाला आणि पुन्हा बाहेर पाहुण्यांत गेला. पुढच्या वर्षी त्यानं तिचं लग्न लावून दिलं, वाशीमकडे. मला बोलावणं होतं, मी गेलो नाही. म्हणजे तिची माझी भेट ही शेवटचीच.

तिनं गुडघे जवळ ओढून घेतले आणि मान तिरकी केली.

“सर, ते ‘संध्याकाळ झाली’ जे तपासतात ना, त्यांना आपलं नाव दिसतं का?”

“नाही. नुसता नंबर असतो.”

“नक्की?”

“नक्की.”

“बरं झालं,” ती म्हणाली.